बाइंडिंग कुठल्या बाजूनं

पहिलं प्रकरण वाचलं तेव्हा नववीत होतो.
मोबाइल वैजूच्या भावाचा, काच तडकलेली.
तड्याखाली एक बंदर, धुकं,
आणि दीपगृहाचा रखवालदार नाहीसा झालेला.
ताट तसंच वाढलेलं. माशाचा एकच घास मोडलेला.

मग बारा वर्षं.
मी उद्यमबागेत लेथवर लागलो,
वैजू हिंडलग्याहून बसनं यायची, नर्सिंगला.
महिनाअखेरीस नवं प्रकरण यायचं
आणि दुसऱ्या रेल्वे गेटापाशी
मालगाडीचे डबे सरेपर्यंत आमची चौकशी.
"पोस्टमननंच केलंय. मी सांगतो तुला,
त्याच्या सायकलच्या चाकाला वाळू बघ."
आमच्याकडं पोरीही असंच बोलतात,
करतो, जातो, सांगतो.
मला संशय बायकोचा.
फौंड्रीतला मल्लेशी काही वाचायचा नाही, चित्रं बघायचा,
डबा खाता खाता त्यानंच दाखवलं:
सतराव्या प्रकरणात कान फाटलेलं मांजर,
चाळिसाव्यातही तेच.
"अदे बेक्कू," म्हणाला, आणि पुन्हा भाकरीकडं वळला.

शेवट आला मार्चमध्ये, रात्रपाळीत.
खून झालाच नव्हता.
रखवालदार खाडीच्या पलीकडच्या काठावर
दुसऱ्या नावानं जाळी विणत बसलेला,
म्हातारा, रोज संध्याकाळी
आपण सोडून आलेल्या दिव्याकडं बघणारा.
दिवा पेटलेला.
कुणी लावला, ते नाही.
पान संपलं.

"फसवलं की रे," वैजू म्हणाली.
"वाळूचं काय? मांजराचं काय?
बारा वर्षं मी त्या पोस्टमनवर डूख धरून बसलो!"
आठ दिवस ती नीट बोलली नाही,
जणू मीच लिहिलं होतं.

मला राग नाही आला. आला, पण वेगळा.
मी बालवाडीत होतो तेव्हापासून
आमच्या भागाचा एक खटला तारखांवर चाललाय.
चहाच्या गाड्यावर रोज कुणीतरी त्याचा शेवट सांगतो,
रोज निराळा, आणि ग्लास विसळून निघून जातो.
म्हणून वाटलं होतं
हे तरी एक नीट संपेल. कागदावरचंच तर आहे.

जूनमध्ये वैजूला मंगळुरात नोकरी लागली.
दोन पगार घालून मी सगळं छापून घेतलं,
गठ्ठा सायकलला बांधून दरबार गल्लीत नेला.
मकबूलसाब बाइंडरनं वरचं पान उचललं, खाली ठेवलं,
मग खालचं उचललं.
"उर्दूसारखं बांधू, का कानडी-मराठीसारखं?"
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं मला.
"उर्दूसारखं."
"मग बरोबर. मला वाटलंच, धुकं आधी असणार."

चार दिवसांनी गेलो तर खळीच्या वासात
पाच जाड खंड, पाठीला लाल कापड.
त्यानं सगळं बघितलेलं. अक्षर एक न वाचता.
शेवटचं पान उघडून म्हणाला,
"हा इतका खूश का दिसतो?"
मी म्हटलं, "खूश कुठं? थकलाय तो."
"मग हे बघ."
दिव्याच्या खिडकीत, खाली कोपऱ्यात
काळा ठिपका, वर टोकदार, एका बाजूला चिरलेला.
कान असेल.
झेरॉक्सची शाईही असेल, त्या मशीनचा भरवसा नाही.
मी मोबाइलवर तेच पान मोठं केलं, आणखी मोठं केलं,
शेवटी नुसते करडे चौकोन उरले.
मकबूलसाबनं पैसे मोजले, वीस परत दिले.

बसस्टँडवर वैजूनं खंड मांडीवर घेतला
आणि सवयीनं उघडला डावीकडून,
म्हणजे उलट्या बाजूनं. थेट शेवट.
मी म्हटलं, "अगं, तिकडनं नाही."
कंडक्टर मंगळूर, मंगळूर ओरडत होता,
तिची आई डब्याला दुसरी पिशवी बांधत होती.
वैजू खिडकीच्या त्या कोपऱ्यावर
नख ठेवून बसलेली.
"थांब की," म्हणाली, "बघूलालोय."