डावा पाय, बाहेरचं बोट

ओहायोत, मक्याच्या शेतामागे,
वडिलांनी एकाच जातीची दोन घराणी पाळली होती.
डावीकडे कोंबड्यांची बाजू, उजवीकडे तलंगांची.
प्लिमथ रॉक. अंगभर काळे-करडे पट्टे.
शेजारच्या मिसेस उम्बाउर म्हणायच्या,
"डेल्मर, सगळ्या सारख्याच तर दिसतात."
"तशा दिसल्या असत्या तर आणखी काय हवं होतं," वडील म्हणायचे.

प्रदर्शनात नर-मादी एकाच छटेचे लागतात.
रक्ताला ते मान्य नसतं.
नराला पांढऱ्या पट्ट्याचा दुहेरी वाटा, तो फिका पडतो,
मादी गडद राहते.
म्हणून बक्षिसाची तलंग हवी असेल
तर तिचा बाप इतका फिका ठेवावा लागतो
की त्याला चारचौघांत नेता येत नाही.

असा एक आमच्याकडे होता.
नाव नव्हतं, पायात कडं होतं: सतरा.
भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राचा रंग.
त्याच्या अकरा मुलींनी निळ्या फिती आणल्या,
तो आमच्या फाटकाबाहेर कधी गेला नाही.
थंडीत त्याचा तुरा गोठू नये म्हणून
मी व्हॅसलीन चोळायचे
आणि तो न चुकता माझ्या मनगटाला टोचायचा.

त्याची बारावी मुलगी, कडं बेचाळीस.
मीही तेव्हा बारा वर्षांची.
प्रदर्शनाच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात तीन घमेली:
साबणाचं पाणी, साधं पाणी, व्हिनेगरचं पाणी.
तिला टॉवेलात गुंडाळून ओव्हनच्या उबेला धरलं होतं,
दात घासायच्या ब्रशने एकेक खवला साफ करत होते,
तेव्हा दिसलं.
डाव्या पायाच्या बाहेरच्या बोटावर, दोन खवल्यांच्या फटीत,
पापणीच्या केसाएवढं पीस.

या जातीचा पाय उघडा हवा.
तिथे एक पीस, आणि पक्षी बाद.

आईचा भुवयांचा चिमटा.
ती एकदाच झटकली.
रक्ताचा ठिपका व्हिनेगरने पुसला.

परीक्षक ओगल्सबी यांनी तिचा पंख
पत्त्यांसारखा उलगडला, मिटला,
छातीच्या हाडावरून बोट फिरवलं, पाय पाहिले,
आणि पिंजऱ्याला जांभळी फीत अडकवली.
वडील हसले नाहीत. टोपी काढून हातात धरली.

सोमवारी तिला परत सोडताना
सवयीने त्यांचा अंगठा तिच्या पायांवरून उतरला
आणि थांबला.
ते घरात गेले. चष्मा घेऊन परत आले.

सत्तर मैल. मांडीवर पाकिटातली फीत.
ओगल्सबी गळ्यात रुमाल तसाच ठेवून दारात आले,
आतून सूपचा वास येत होता.
"एका पिसासाठी, डेल्मर? सगळेच उपटतात."
"सगळ्यांच्या वह्या मी लिहीत नाही."

येताना पेट्रोल पंपावर दोन रूट बिअर घेतल्या.
एक माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

रात्री मी वही चोरून वाचली.
*बेचाळीस. पट्टे उत्तम, त्वचेपर्यंत स्वच्छ. शेपूट उत्तम.
डावा पाय, बाहेरचं बोट: पीस.*
खाली, बारीक अक्षरात:
*काढलं. मर्ना.*

मला वाटलं होतं रविवारी ती ताटात येईल.
वसंतात त्यांनी तिचीच अंडी उबवायला ठेवली.

वडलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.
एप्रिलमध्ये दिव्याखाली एकशेसाठ पिल्लं,
एकेकीचा पाय चिमटीत धरून मी बघते.
यंदा तीन निघाली, त्याच बोटावर,
सोनेरी लवेचा एकच केस.
कुठल्या पणजीने कुठून आणला होता, कोण जाणे.

नातू एलिस कडी चढवायचा चिमटा धरून उभा आहे.
"हे काढू?"
नको. लिही.
डावा पाय, बाहेरचं बोट.
तो पेन थांबवतो, मान वाकडी करतो:
"तिचा डावा, की मी इथून बघतोय तो डावा?"

तिचा, मी म्हणते. नेहमी तिचा.