फागो दिघोरेची गरी

नागपूरहून आणलेली माझी काठी
तीन तुकड्यांची, चाकवाली.
फागोनं ती वाकवून पाहिली,
"बरी हाय," म्हणाला, परत दिली.

त्याची बांबूची काडी,
मोरपिसाच्या देठाची तरंगी,
पळसाच्या पानात गुंडाळलेली गांडुळं.

मामा तलावावर आला की आधी नुसता बसतो.
वारा कुठून लागतो,
बगळा कुठं उभा नाही,
कमळाच्या देठांना खालून कोण धक्के देतं –
यातच बिडी संपते.

तरंगी हलली. मी ओरडलो, "ओढ!"
"चाखून पायते ते. आपन नाई का
बजारात फुटाने चाखत?"

दुपारून बेशरमाच्या झुडपाशी
पाणी कुंकवासारखं लाल होऊन सरकू लागलं:
मरळीची पिल्लं, ओंजळभर,
आणि त्यांच्याखाली ती, हातभर लांब.
टप्प्यात होती.
फागोनं दोर गुंडाळला.

"आता काईबी टाकलं तरी झपटन ते,
पिल्लांपायी आंधळी झाली हाय.
हे का गरी खेळनं झालं?"

घरी भागरतानं रिकामी चुंगडी
अंगणात उलटी झटकली.
एक गांडूळ पडलं.
कोंबडीनं पहिल्याच टोचीत उचललं.

"पाय," भागरता म्हणाली,
"इले गरी नाई लागत."