कच्चा रंग

मारबत निघाली होती त्या दिवशी,
म्हणून बसस्टँडवरून माझ्या टेबलापर्यंत यायला
रैनू हिचामीला दोन तास लागले.
रात्रभर एटापल्लीच्या गाडीत उभा राहिलेला माणूस.
रुमालाच्या गाठीत हिवतापाच्या गोळ्यांची पट्टी.
सहा घरं, चार रिकामी.

चार कुणाच्या पोटात गेल्या, मी विचारलं नाही.
तो म्हणाला, "बाई, थे कागदवालं पाहून द्या न जी."

पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर बारा उभ्या रेघा.
गोळी कुटायची, भुकटी रेघांवरून आडवी घासायची,
खालचा काठ पाण्यात बुडवून धरायचा.
पाणी आपलं आपण चढतं,
आणि प्रत्येक रेघ आपापलं बोलते, रंगानं.

माझा बाप गोळीबार चौकात हातमागावर लुगडी विणायचा.
सुताची नवी लडी आली की एक धागा तोडून
ओल्या पांढऱ्या फडक्यात पिळायचा.
फडकं रंगलं तर व्यापाऱ्याच्या सात पिढ्या निघायच्या,
नाही रंगलं तर त्याला चहा.
मी त्याचीच पोर, काम मात्र उलटं :
इथं रंग उतरला तर खरं.

तिसरी रेघ केशरी व्हायला हवी होती.
ती मांजरपाटासारखी कोरी राहिली.
सातवी जांभळी-काळी झाली भराभर,
आयोडीन पडलेल्या भातासारखी.
पीठ.
शेजारी आमच्या कपाटातली गोळी लावली, ताडा म्हणून.
तिची तिसरी केशरी आली. म्हणजे कागद ठीक, पाणी ठीक.

पट्टी उलटसुलट पाहिली.
बॅच नंबर, तारीख, चमकणारं चित्र,
वेलांटीसुद्धा चुकलेली नाही कुठं.

एकच गोळी उरली आता.
ती कुटली तर माझी खात्री होईल
आणि सरकारी प्रयोगशाळेला पाठवायला काही उरणार नाही.
पाकिटात घातली. सील केलं. रजिस्टर उघडलं.
निकालाच्या रकान्यात आम्हाला एकच शब्द लिहायची मुभा आहे,
संशयास्पद.

"म्हंजे खोटी हाय?"
"संशय आहे. रिपोर्टला महिना तरी लागेल."
"संशय त मलेबी होता, बाई.
संशयासाठी नागपूरले कायले येऊ?"

मी फोन फिरवला. गडचिरोलीच्या भांडारात
तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.
"ही बॅच वाटू नका," म्हटलं.
"लेखी पाठवा," म्हणाले.
पाठवते म्हटलं, आणि तोवर?
तोवर म्हणाले, बघतो.

खिडकीखालून ढोल चालले होते,
पोरं घसा फोडून ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे मारबत.
रैनू खिडकीशी उभा राहिला जरा वेळ.
"थे नेऊन टाकते कोठी?" त्यानं विचारलं.
"जाळतात, गावाबाहेर."
"गावाबाहेर," तो म्हणाला, "तिकडं आमी राह्यतो."

कपाटातून दहा कोरी कार्डं काढली.
नोंद केली नाही. करीन उद्या, किंवा नाही करणार.
त्यानं ती त्याच रुमालात बांधली,
गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"बोरिंगचं पानी चालंल?"
"गाळून घे."
"अन् पायाची थे तिसरी रेघ न?"
"तिसरी. डावीकडून मोज."