शंभर चौकटी

कात्री माझीच होती.
हेलसिंकी, मार्च एकाहत्तर,
बातम्यांना अकरा मिनिटं उरलेली,
आणि हवामानाचा नकाशा म्हणे लांबलाय.
कुठून तरी चार सेकंद काढायचे होते.

पडद्यावर ताव्हेत्ती रुओकोनेन,
तळ्यावरच्या बर्फाच्या रस्त्याचा राखणदार.
हातात गिरमिट, मिशीवर दहिवर गोठलेलं.
बातमीदारानं विचारलं, दुधाचा ट्रक पेलेल का?
तो म्हणाला, "पेलेल की"
आणि थांबला. तळ्याकडे बघितलं.
मग म्हणाला, "नाही, ते मला काय विचारता? याला विचारा."
आणि बर्फावर टाच आपटली.

त्या थांबण्यातून कात्री अलगद गेली.

रात्री साडेआठला देशानं ऐकलं:
पेलेल की!

सॉनाच्या फळीवर जाडजूड मेहुणा चढला, पेलेल की!
नवरीला उचलताना नवरदेव, पेलेल की!
कर्ज देणाऱ्या बँकेनं खिडकीत निळ्या अक्षरांत लावलं.
अर्थमंत्री सभागृहात म्हणाले, तर विरोधकही हसले.
मगावर ताव्हेत्तीचा चेहरा आला,
डोक्यावर त्यानं जन्मात न घातलेली टोपी.

त्याचं पत्र आलं, शिसपेन्सिलीनं, तीन ओळी.
मी तसं म्हटलं नव्हतं.
राहिलेलं जोडून पुन्हा दाखवावं.
कळावे.
प्रसिद्धी विभागानं त्याला एक मग पाठवला.

पुढच्या हिवाळ्यात
"रस्ता बंद" ही त्याची पाटी ओलांडून
एक पोरगा नवी गाडी घेऊन गेला,
काच खाली करून ओरडला, तेच.
बर्फानं गाडी पेलली.
ताव्हेत्ती म्हणे त्या दिवशी
अंधार पडेपर्यंत पाटीशेजारी उभा होता.
बुडावी, असं क्षणभर वाटून गेलं
म्हणून.

तो तुकडा मी फेकला नाही.
काडेपेटीत आहे, गुंडाळी करून, शंभर चौकटी.
फिल्मवर आवाज चित्राच्या सेकंदभर पुढे धावतो,
त्यामुळे खिडकीशी धरली
तर पट्टीच्या सुरुवातीलाच कुठेतरी "नाही" आहे
आणि त्याचे ओठ अजून मिटलेले.

परवा डॉक्टर व्हार्तियालांना विचारलं,
एवढी मोठी भूल, या वयात, हे काळीज पेलेल का?
तरुण आहेत. ताव्हेत्ती कोण, ठाऊकही नसेल.
हसून म्हणाले, तेच,
आणि कागदावर सही करायला वाकले.

मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.