पेव

बस बाबा, या कडब्याच्या पेंढीवर.
दगड कालच आला. काळा, तुळतुळीत.
तुला कोरायचंय: ऐचरस, शत्रूंच्या हत्तींना सिंह,
आणि त्याचा पुत्र बोप्परस, सिंहाचाही सिंह.
कोर. तुलाही पोट आहे.
पण मला विचारशील तर मी कोठीवाला,
मला राज्य पायलीनं मोजता येतं, तलवारीनं नाही.

ऐचरस सोन्नलगीला आला तेव्हा
त्याच्यापाशी चाळीस घोडी, त्यातली सहा लंगडी.
पहिल्याच दिवशी कोठीवर आला, म्हणाला,
"कल्लपा, शाळू किती?"
मला नावानं हाक मारणारा तो पहिला राजा.
(नाव त्यानं दारातल्या पोराला विचारून घेतलं होतं,
हे मला फार नंतर कळलं.)

त्या दिवशी गढीमागचं पेव उघडलं.
माती खरवडली, फरशी सरकवली,
आणि आठ वर्षांचा बोप्परस उडी मारायला धावत आला.
बापानं शेंडी धरली. अशी, मुठीत.
पोराच्या डोळ्यांत पाणी.
"थांब. वर्षभर कोंडलेली हवा माणूस खाते.
रात्रभर उघडं ठेवायचं,
सकाळी दोरीला दिवा बांधून सोडायचा.
तळाशी जळत राहिला, तर आपण उतरायचं."

पुढं अठरा वर्षं त्यानं गावं तशीच घेतली.
गढी पडली तरी मुक्काम वेशीबाहेर.
सकाळी आधी तेली आत जायचा, मग कुंभार,
मग एखादी म्हातारी, मीठ विकायला.
त्यांचा दिवा जळत राहिला, की मग हत्ती.
सीनेपासून भीमेपर्यंत, भीमेपासून कृष्णेपर्यंत.

मग तो गेला. रणात नव्हे. हगवणीनं, भाद्रपदात.
(हे दगडावर घालू नकोस.)
तेराव्याच्या आत बारा मांडलिकांपैकी
नऊ जणांचे धान्याचे बैल यायचे थांबले.
बापानं एकदा जिंकलेलं पोराला पुन्हा जिंकायचं होतं.
राज्य वारशानं मिळतं म्हणणाऱ्यानं
कधी पेव भरलेलं नसतं.

बोप्परस महिनाभर हलला नाही.
लोक म्हणाले, घाबरला.
मी म्हणालो, दिवा सोडलाय.
आणि खरंच, नऊ गढ्यांत नऊ तेली फिरत होते.
तीन वर्षांत त्यानं बापाचं सगळं परत घेतलं,
वर समुद्र जोडला.
मी समुद्र पाहिला नाही. मीठ पाहिलंय.

आता ऐक.
मंगळवेढ्याकडं कूच करायच्या आदल्या रात्री
घोड्यांना दाणा कमी पडला.
मध्यरात्री स्वार आले. पेव उघडा.
उघडतो, म्हणालो, पण उतरायचं सकाळी.
ते म्हणाले, पहाटे निघायचंय.
राजा पलीकडं मशालीखाली उभा होता.
त्यानं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं.
त्याचा हात स्वतःच्या शेंडीकडं गेला, मी पाहिला,
आणि तो दुसरीकडं बघू लागला.

माझा रेवण उतरला. सतरा वर्षांचा.
पहिली टोपली भरून वर आली.
दुसरीला दोरी हललीच नाही.
दिवा विझला नाही रे. दिवा सोडलाच नव्हता.

घोडी खाऊन निघाली.
लढाई जिंकली त्यांनी, चोख.

परवा राजा कोठीवर येऊन गेला.
पोत्यावर बसला, काही बोलला नाही,
शाळूचे दाणे या हातातून त्या हातात करत.
जाताना म्हणाला, दगड मोठा आणलाय.

म्हणून विचारतो. सगळ्यात खाली,
त्या गाढवाच्या शापाच्या वर, बोटभर जागा ठेव.
"रेवण, कल्लपाचा."
बास. शूर वगैरे नको.
जागा पुरत नसेल तर
वर चंद्र-सूर्य कोरशील ना,
त्यातला चंद्र जरा बारीक धर.
त्या रात्रीही तो बारीकच होता.