नमुना क्रमांक चार

फेब्रुवारीत माझ्या खिडकीशी रांग लागते.
बाहेर छुनछॉनचं धुकं, तळ्यावरून उठून
थेट कचेरीच्या पायरीपर्यंत आलेलं,
काचेच्या या बाजूला मी,
एक हीटर, दोन शिक्के,
आणि रजेचा अर्ज, नमुना क्रमांक चार.

कारणाच्या रकान्यात चार चौकटी :
आजारपण. बाळंतपण. घरची अडचण. सैन्यसेवा.
पहिल्या तिघांना विचारते, पुरावा आणलात का.
चौथ्याला काय विचारायचं?
त्याचा कागद सरकारनेच घरी धाडलेला असतो.

मी नोकरीला लागले तेव्हा सव्वीस महिने होते,
मग चोवीस, मग एकवीस, आता अठरा.
मुलं म्हणतात, कमी झाले.
आया काही म्हणत नाहीत.

डोग्यॉम भूगर्भशास्त्राचा, दुसरं वर्ष संपलेला.
डावखुरा.
लिहीत जाई तशी करंगळी मागून ओल्या शाईवरून फिरे
आणि नाव, पत्ता, रुजू व्हायची तारीख
सगळं पुसट, वाऱ्यात धरल्यासारखं.
"दुसरा अर्ज देऊ?"
"राहू द्या. शाळेपासून असंच आहे. वाचता येतं."
वाचता येत होतं.

मग त्याने पिशवीतून बुटांचा खोका काढला.
वसतिगृहाची खोली उद्या रिकामी करायची,
घर पार दक्षिणेला, बेटावर,
"आई दगड अंगणात ओतेल
आणि खोक्यात मिरच्या ठेवेल."
बावीस दगड. प्रत्येकाला एक चिठ्ठी,
चिठ्ठीवर तीच फरफटलेली अक्षरं.
नियमात बसत नव्हतं.
कपाटाखाली सरकवला.
शिक्का मारला तेव्हा त्याचे केस कानांवर होते.

पुढच्या हिवाळ्यात एकदा फोन आला,
परतीचा अर्ज जुलैत की ऑगस्टात, एवढंच विचारायला.
मागे कोणीतरी आकडे ओरडत होतं.
थंडी फार का रे, म्हटलं.
"चॉरवॉनला सगळा काळा बेसाल्ट आहे," तो म्हणाला,
"खंदक खणताना पहार उडते."
आणि थोडं थांबून,
"खडक मात्र सुंदर आहे."

ऑगस्टात आला. नमुना क्रमांक पाच.
हा अर्ज एकपानी, कारणाचा रकाना नाही.
परत का आलात, असं विद्यापीठ विचारत नाही.
टाचा जुळलेल्या, पाठ ताठ,
नाव पुकारल्यावर 'हजर' इतक्या जोरात
की झेरॉक्सवाल्या बाई दचकल्या.
पेन उजव्या हातात.
अक्षरं सुटी, सरळ, कोरडी.
एक डाग नाही.

मी बघतेय हे त्याने बघितलं.
"रायफलीच्या पुंगळ्या उजवीकडे उडतात.
डाव्या खांद्यावर धरली की तोंडासमोरून जातात.
सार्जंट म्हणाले, बदल.
मग चमचाही बदलला. मग राहिलेलं सगळंच."
उद्या पाऊस आहे म्हणावं, तसं म्हणाला.

त्याच्या बरोबरच्या मुली पदव्या घेऊन गेल्या.
आता वर्गात सगळे त्याला दादा म्हणतात.
कॉफीचे पैसे दादाने द्यायचे ही रीत,
आणि दादाला स्फटिकांची सूत्रं आठवत नाहीत,
पहिल्या बाकावरच्या अठरा वर्षांच्या पोराला विचारतो,
मान खाली घालून.

खोका दिला. त्याने तिथेच उघडला.
एक दगड उचलला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली,
मग लांब धरली.
दुसरा. तिसरा.
"हे काय लिहिलंय?"
त्याने मला विचारलं.

मी चष्मा लावला.
'नदीचं वळण, पुलाखाली, मे.'
'शिक्षकांनी हा खोटा ठरवला, मला खरा वाटतो.'
'नाव माहीत नाही. उन्हात निळा.'
बावीसही वाचून दाखवल्या.
मागे रांग खोळंबली होती,
कोणी कुरकुरलं नाही.
त्यातल्या निम्म्यांचे केस अजून लांब होते.