अकरा दिवस सौदा बंद

सांगलीच्या मार्केट यार्डात सव्वीस वर्षं
हळदीच्या राशीशी उभा राहून मी भाव पुकारला.
बारा हजार, बारा शंभर, बारा दोनशे...
पेंगणारा व्यापारी दचकून बोट वर करायचा.
लोक म्हणायचे, भूपालचा आवाज
कृष्णा ओलांडून सांगलवाडीत जातो.
मलाही खरं वाटायचं.

ऐन मार्चात, राजापुरीच्या पहिल्याच राशीला
ओठ हलले, आवाज निघाला नाही.
हमाल हसले.
मीही हसलो, बिनआवाजी.

मिरजेत डॉक्टर मुजावरबाईंनी
जीभ फडक्यात धरून ओढली, कॅमेरा घातला,
"ई म्हणा."
पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या,
अंगठ्याच्या नखाएवढ्या.
एवढ्याशाच?
"एवढ्याशाच. खालून वारा येतो, या एकमेकींवर आपटतात,
साधं बोलताना सेकंदाला शंभरावर वेळा.
तुम्ही ओरडता तेव्हा दुप्पट, तिप्पट."
दोन्हींच्या काठावर, समोरासमोर, एकेक दाणा.
घट्टा.
पोती वाहून हमालाच्या मानेवर पडतो तसा,
फक्त हा कुणाला दिसला नव्हता.

अकरा दिवस मौन.
कुजबूजसुद्धा नाही, तिनंही पट्ट्या ताणतात.
खाकरायचं नाही, घोटघोट पाणी प्यायचं.
मी खुणेनं विचारलं, हळदीचं दूध?
"प्या की. पण ते अन्ननलिकेतून जातं,
या पट्ट्यांना शिवतही नाही."
सव्वीस वर्षं हळदीत उभा, आणि हे आत्ता कळतंय.

घरी पोराची जुनी पाटी काढली.
पहिल्या दिवशी सगळंच लिहिलं:
मीठ कमी. पंखा. कोण आलेलं?
तिसऱ्या दिवशी पेन्सिल संपत आली
आणि लिहिण्याजोगं फारसं उरलं नाही.
वडील आठवले. टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा करायचे,
आवाज मरेपर्यंत शाबूत.

पाचव्या संध्याकाळी राजमती शाळेतून आली.
दुसरीचा वर्ग, बावन्न पोरं, वर पत्रा.
मेथी निवडत सांगत होती
कोण पडलं, कुणाचा डबा सांडला.
मध्ये तोंड घालता येत नव्हतं
म्हणून शेवटपर्यंत ऐकलं.
प्रत्येक वाक्याच्या टोकाला तिचा आवाज
रिकाम्या पोत्यासारखा जमिनीवर घासत होता.

पाटीवर लिहिलं: कधीपासून?
"काय कधीपासून?"
मी बोट माझ्या गळ्यावर ठेवलं, मग तिच्याकडं केलं.
"हे होय! झाली की चार-पाच वर्षं.
तुम्हीच म्हणालेला,
वय झालं की बायकांचा आवाज बसतोच."

म्हणालो असेन.
हिशेब करता करता, वहीतून मान वर न काढता.

ती खाकरायला गेली.
मी तळहात वर केला,
सौदा थांबवताना करतो तसा,
आणि तांब्या तिच्यापुढं सरकवला.